बघ्यांचे पाय

मिशनच्या माळावर एक नवी पायवाट पडली होती. पूर्वेच्या आंब्यापासून निघायची आणि पश्चिमेच्या मोठ्या खडकाशी संपायची. आंब्याखाली विहीर नाही, खडकामागे कुणाचं घर नाही. ज्याला कुठं पोचायचं आहे त्याला त्या वाटेचा काही उपयोग नव्हता. फादरना वाटलं, गुरांची असेल. मी वाकून बघितलं. गुरांची वाट अरुंद असते, खुरांनी फुटलेली असते. ही रुंद होती आणि तिच्यात जागोजागी काठीच्या टोकाची भोकं होती.

"फादर, ही म्हाताऱ्यांची वाट आहे," मी म्हणालो.

"म्हातारे कुठं चाललेत?"

मीही त्याच वाटेवरून चालत होतो, आणि कशासाठी ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

हे सगळं सिस्टर मांकापासून सुरू झालं. ती किलिमांजारोकडची. आमच्या दवाखान्यात बदली होऊन आली तेव्हा तिच्या बाकावर आम्हा म्हाताऱ्यांचीच रांग. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाचं डोकं गरगरतंय. तिनं दारावर एक पाटी लावली. बाकीच्यांना वाचता येत नव्हतं म्हणून मी एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचली: गुरुवारी दुपारनंतर मिशनच्या माळावर यावं, म्हाताऱ्यांसाठी व्यायाम आहे, नंतर लापशी मिळेल.

लापशीचं नाव ऐकून सगळे आले. सिस्टरनं सगळ्यांना एका गोलात उभं केलं आणि हात धरायला सांगितले. गोल फिरत फिरत क्वांदू म्हातारीचा हात नेमका जिदायी म्हाताऱ्याच्या हातात आला. तिनं तो विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला. मग सिस्टर म्हणाली, हात वर करा.

"कुणाला शरण जायचंय, पोरी?" जिदायीनं विचारलं.

लोक हसले, हात अर्धे वर करून खाली सोडले, लापशी प्याले आणि गेले. पुढच्या गुरुवारी माळावर सिस्टर, लापशीचं भांडं आणि मी.

"आजोबा, माझं काय चुकलं?" तिनं मला विचारलं. चिडून नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तू साप आणि साळिंदर एका पोत्यात भरलेस."

मग मी तिला सांगितलं. आम्हा सुकुमा लोकांत नाचाचे दोन पक्ष. बगिका, ते सापवाले. बगालू, ते साळिंदरवाले. पिकं निघाली की सामना होतो. दोघं एकाच वेळी नाचतात, माळाच्या दोन टोकांना, एकमेकांवर टोचून गाणी म्हणतात. पंच कुणी नसतो. बघ्यांना जिकडे मजा वाटेल तिकडे ते जातात, आणि ऊन उतरताना ज्याच्याकडे गर्दी तो जिंकला. गर्दी खेचायला म्हणून दोन्हीकडचे मंतरलेल्या मुळ्या उगाळतात, ते वेगळं. क्वांदू साळिंदरवाल्यांची म्होरकी, जिदायी सापवाल्यांचा. त्या दोघांनी जन्मात एका गोलात पाय टाकला नव्हता.

"आणि नवरा एका पक्षाचा, बायको दुसऱ्या पक्षाची असली तर?"

"एरवी एका घरात, सामन्याच्या दिवशी माळाच्या दोन टोकांना. माझा भाऊ सापवाला होता, वहिनी साळिंदरवाली. चांगला संसार झाला त्यांचा."

सिस्टरनं माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतला. "मग मला एक गोल नकोच," ती म्हणाली. "मला दोन टोकं द्या."

तिनं फादरकडून माळ मागून घेतला. गावच्या अध्यक्षाकडून गुरुवार मागून घेतला, म्हणजे त्या दिवशी गावसभा ठेवायची नाही. क्वांदूच्या आणि जिदायीच्या अंगणात ती वेगवेगळी जाऊन बसली, वेगवेगळं ताक प्याली आणि दोघांकडून ढोल कबूल करून घेतले. लापशी दवाखान्याची. अशी सगळ्यांची मिळून गोष्ट ठरली, आणि गुरुवारी माळ भरायला लागला. सापवाले अजगर गळ्यात घेऊन नाचतात, पण जिदायीचा कधीच मेला होता. म्हणून म्हातारा गाईचं दावं गळ्यात घालून नाचायचा. क्वांदूच्या टोळीत चार बायका बसून नुसते खांदे हलवायच्या. ज्यांना तेही जमत नव्हतं ते बघायला यायचे. बघे नाचणाऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त होते आणि सिस्टरला त्याचं वाईट वाटायचं. "यांना कसं हलवू?" ती म्हणायची.

त्या न हलणाऱ्यांत माझी वहिनी, लुग्वाशी. ती लग्न होऊन आली तेव्हा मी गुरं राखत होतो, म्हणून अजून मला अरेतुरे करते. मागच्या वर्षी ती अंगणात पडली. हाड जुळून आलं, पण भीती गेली नाही. दारातल्या चटईवर जी बसली ती बसलीच. सिस्टरनं तिला चार पायांचा वॉकर आणून दिला, तर त्यावर ती रताळ्याच्या चकत्या वाळत घालायची.

तिचा मुलगा सायी म्वांझाला मासळीच्या कारखान्यात मुकादम आहे. मागच्या खेपेला तो आला तेव्हा मी तिथंच होतो.

"मायू, कापूस विकला गेला की मी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "तोवर उठून चालायला लागलीस तर बरंच झालं. नाहीतर माझ्याकडे चलायचं."

"तिथं मी काय करू?"

"टीव्ही बघ."

"आणि तुझा बाप?"

माझा भाऊ त्याच अंगणात, कुंपणाच्या निवडुंगाजवळ पुरलेला आहे.

"बाबांना नाही नेता येणार," सायी म्हणाला.

तो वाईट नव्हता. शेजाऱ्यांचा फोन आला की हातातलं काम टाकून आधी "आई पडली का" म्हणून विचारायचा, एवढंच. पण तो गेल्यावर वहिनीनं निवडुंगाकडे बघितलं. मग म्हणाली, "लुबिन्झा, तुझी बैलगाडी गुरुवारी रिकामी असते का रे?"

मी तिला माळावर नेऊ लागलो. वॉकर चकत्यांसकट घरीच. ती आंब्याखाली, साळिंदरवाल्यांच्या बघ्यांत पाट टाकून बसायची. तरुणपणी ती त्यांची गाणी रचायची. तिच्या गाण्यावर एकदा सापवाल्यांचा एक ढोलक्या सामना सोडून घरी गेला होता. आता तोंड मिटून बसली होती.

पहिल्याच दुपारी खडकाकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. वारा तिकडून होता, हसणं ऐकू येत होतं, शब्द मात्र येत नव्हते.

"काय म्हणतायत रे तिकडं?" तिनं विचारलं.

"मी सापवाला. माझ्या बाजूचं गाणं तुला का सांगू? ऐकायचं तर जा."

"मेल्या, माझे पाय बघ आणि बोल."

तिनं शेजारणीला पाठवलं. ती येऊन म्हणाली, क्वांदूच्या दातांवर गाणं आहे. वहिनीला खरं वाटेना, तिनं दुसरीला पाठवलं. ती म्हणाली, काटे झडलेल्या साळिंदरावर आहे. तिसरी जाऊन, ऐकून, हसून आली आणि येईपर्यंत विसरली. वहिनी परतीच्या वाटेवर गाडीत तेच बोलत होती. "तिघी जातात, तिघींचे कान सहा, आणि एक गाणं आणता येत नाही."

पुढच्या गुरुवारी मी न्यायला गेलो तर रताळ्याच्या चकत्या सुपात होत्या आणि वॉकर गाडीशी उभा होता.

खडकाकडे हसणं सुरू झालं तशी ती उठली. वॉकर पुढे टाकायची, थांबायची, मान तिरपी करून ऐकायची. मी शेजारी होतो, पण सामना चालू असताना साळिंदरवालीनं सापवाल्याचा हात धरायचा नसतो. तिला तो नकोच होता. थोडं पुढे गेली तोवर गाणं संपलं. शिव्या देत परत फिरली. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी पुढे गेली. गंमत अशी की ती जसजशी जवळ जाई तसतसा जिदायीचा आवाज बारीक होई.

मी त्याला गाठलं. "मुद्दाम हळू गातोस का?"

"घसा बसलाय."

"काल बाजारात बकऱ्याच्या भावावरून अख्खा रस्ता गोळा केला होतास."

"बाजाराचा घसा वेगळा."

मी सिस्टरला विचारलं, तूच त्याला सांगितलंस का. ती लापशीच्या भांड्यात बघून ढवळत राहिली. खरं काय ते मला आजही माहीत नाही.

शेवटी एका गुरुवारी वहिनी खडकापर्यंत पोचली. वॉकरवर रेलून तिनं सगळं गाणं ऐकलं. क्वांदूनं दुभती म्हणून शेळी विकत आणली आणि ती थेंबभर दूध देत नाही, असं ते गाणं होतं.

"एवढ्यासाठी आले मी?" ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्यावर काही आहे."

जिदायीनं दावं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "बसलेल्या बाईवर गाणं होत नाही, लुग्वाशी. तिचं घडतं काय, म्हणून सांगायचं?"

मला वाटलं, आता ही वॉकर त्याच्या डोक्यात घालणार. पण ती सबंध माळ चालून आंब्याखाली परत आली, क्वांदूला बाजूला बोलावलं, आणि तिच्या कानात गाईच्या दाव्याला अजगर म्हणणाऱ्या म्हाताऱ्यावर चार ओळी घातल्या. ढोलाच्या दुसऱ्या फेरीला आंब्याखाली असा हशा उठला की खडकाकडचे बघे मान उंचावून बघू लागले, आणि काठ्या टेकत टेकत इकडे यायला निघाले.

त्यानंतर तिच्यावर गाणी व्हायला लागली. वॉकरवर, चकत्यांवर, तिच्या चालीवर. प्रत्येक गाणं तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं असे.

याच सुमाराला सिस्टर चक्रावली. ती महिन्याकाठी सगळ्यांना बाकावरून हात न टेकता उठायला लावायची, दारापर्यंत चालवायची. नाचणारे थोडे सुधारले होते. पण जे नाचत नव्हते, नुसते बघत होते, ते जास्त सुधारले होते.

"आजोबा, खरं सांगा," तिनं मला विचारलं. "यांना कुठली मुळी देताय?"

मी क्वांदूला विचारलं. ती म्हणाली, मुळी सापवाल्यांची असणार, ते लापशीत टाकतात. जिदायी म्हणाला, आपण असलं हलकं काम करत नाही, साळिंदरवाल्यांना विचार. सिस्टरनं लापशीचं भांडं कुणाला हात लावू न देता दोन गुरुवार स्वतः वाढून बघितलं. बघे सुधारतच होते.

आणि मग फादरनी मला ती पायवाट दाखवली.

संध्याकाळी मी सिस्टरला घेऊन आलो. आम्ही दोघं त्या वाटेवरून आंब्यापासून खडकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मध्येच ती थांबली.

"नाचणारे आपापल्या जागेवरच असतात ना?" तिनं विचारलं. "दुपारभर?"

"म्होरक्यानं जागा सोडली तर हार मानल्यासारखं होतं."

"आणि बघे?"

मी उत्तर देणार तोच मलाही दिसलं. बघ्या कधी एका जागी ठरत नाही. इकडे उभा असला की त्याला वाटतं खरी मजा तिकडे आहे. तिकडे गेला की इकडे हशा उठतो. आम्हाला वाटत होतं, आपण आरामात दुसऱ्यांचा नाच बघतोय. दुपारभर माळ तुडवत होतो आम्हीच.

सिस्टर खडकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दुसऱ्या दिवशी तिनं एकच काम केलं. फादरना सांगून सापवाल्यांची जागा खडकाच्या पलीकडे सरकवली.

कापूस विकला गेला. सायी गुरुवारीच आला. घरी नुसत्या कोंबड्या बघून तो गाडी घेऊन माळावर आला, तेव्हा त्याची आई बरोबर मधोमध होती, वॉकर पुढे टाकत खडकाकडे निघालेली. तो जाऊन तिच्यासमोर उभा राहिला. आनंदला होता, ते तोंडावर दिसत होतं. पण जे ठरवून आला होता ते त्याला सोडवेना.

"मायू, चल. गाडी आणलीय."

"थांब. तिकडं माझ्यावर गाणं चाललंय."

"गाण्यासाठी चालतेस ते दिसतंय मला. पण घरात? पाण्याला जाताना कोण ढोल वाजवणार आहे?"

प्रश्न बरोबर होता. ती दर गुरुवारी माझ्या गाडीतून येते आणि गाडीतून जाते, हे सगळ्यांना माहीत होतं.

वहिनीनं वॉकर वळवला. "घरी जाऊ," ती म्हणाली. "पण गाडीतून नाही."

"वहिनी, बैल जुंपलेलेच आहेत," मी म्हणालो.

"लुबिन्झा, तू गप बस."

ती निघाली. घर माळाच्या पलीकडे, कोरड्या ओढ्याच्या वरच्या अंगाला. सुरुवातीला तिच्यामागे सायी आणि मी दोघंच. मग एक म्हातारी आली. हिला जमतं का बघू, म्हणून. तिच्यामागे आणखी दोघं. खडकाकडचे निघाले, आंब्याखालचे निघाले. गर्दी हलली हे बघून दोन्हीकडचे ढोल चढले. क्वांदूनं तिचं ठेवणीतलं गाणं काढलं. जिदायीचा घसा एकदम मोकळा झाला आणि मिशनच्या कौलांवरची कबुतरं उडाली. पण कुणी मागे वळलं नाही. जरा वेळानं आंब्याखालचा ढोल थांबला. मग खडकाचाही.

ओढ्यात वाळू होती. वॉकरचे पाय तिच्यात रुतले. वहिनीनं एक काढला, दुसरा रुतला. तिचा श्वास वाजत होता आणि मानेला घाम आला होता. ती थांबली, आणि बराच वेळ थांबली. मागचे सगळे काठावर उभे राहिले.

"पुरे आता, मायू," सायी म्हणाला. "मी उचलतो तुला."

"तू उचललंस तर म्वांझा येईपर्यंत खाली ठेवणार नाहीस."

"मग काय करू?"

"खांदा दे."

तो तिच्या पुढे होऊन थोडा वाकला. तिनं त्याच्या खांद्यावर हात टाकला, वॉकर वाळूतच सोडला आणि पाय उचलला. सायी एकदा वाकडा झाला, तोंड आवळलं, पण हलला नाही. वरच्या काठाला पोचल्यावर तिनं हात काढला आणि उरलेली वाट कुंपणाला धरून, निवडुंगापासून दारापर्यंत, एकटी गेली. चटईवर बसली नाही, उंबऱ्यावर बसली.

मी पाणी आणून दिलं. ती थोडं प्याली, थोडं पायांवर ओतलं. सायी खांदा चोळत समोर उभा होता.

"किती जोरानं धरतेस गं," तो म्हणाला. "काळा पडेल." मग म्हणाला, "रोज नाही जमणार तुला हे."

"रोज कोण म्हणतंय? पाणी क्वांदूची नात आणते, आणत राहील. मला चुलीपर्यंत जायचं, तुझ्या बापापर्यंत जायचं आणि गुरुवारी माळावर जायचं. माझी तीनच ठिकाणं आहेत, सायी. म्वांझात त्यातलं एकही नाही."

सायी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली, बघितली, परत खिशात टाकली.

कुंपणाबाहेर तोवर भांडण जुंपलं होतं. ऊन उतरलं होतं आणि गर्दी ना आंब्याखाली होती ना खडकाशी. क्वांदू म्हणत होती, लुग्वाशी साळिंदरवाली, तेव्हा सामना आमचा. जिदायी म्हणत होता, ती आमच्या गाण्याकडे निघाली होती, तिथून वळली, आणि हे अंगण माझ्या मित्राचं, पक्क्या सापवाल्याचं. लोक शेवटी कुणाच्या दारात आले? सिस्टर मांका मध्ये उभी राहून दोघांचंही अगदी मन लावून ऐकत होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, सायीला विचारा, तो गावात राहत नाही, तो खरं सांगेल.

"तू कुठल्या बाजूचा रे?" जिदायीनं कुंपणावरून विचारलं.

सायी शाळेसाठी लहानपणीच गावातून गेला होता. त्यानं आईकडे बघितलं. "मायू, मी कुठल्या बाजूचा?"

"आधी गाडी सावलीत आण," वहिनी म्हणाली, "आणि आत ये, भूक लागली असेल. सकाळी मागच्या सीटवर तांदळाची दोन पोती टाक, तुझ्या बायकोला होतील. जागा रिकामीच जाणार आहे."